बंडगरबाईंचं कमी-जास्त

सूड घेणं वाईट, असं सांगणाऱ्या लोकांवर माझा विश्वास नाही. त्यातल्या बहुतेकांना कधी कुणी हाकललेलं नसतं. मी सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं प्रेशर गेज आणि वजनकाटे तपासतोय, आणि या बावीस वर्षांत बंडगरबाईंइतका स्वच्छ सूड घेतलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही, खोटं एक अक्षर लिहिलं नाही, कुणाच्या पाठीमागं कागाळ्या केल्या नाहीत. तरीही एका माणसाला त्यांनी असं धरलं की त्याला अजून सुटता आलेलं नाही. मला त्याचा आजही आनंद होतो. हे लिहायला बसलोय तेही त्या आनंदापायीच.

आमची प्रयोगशाळा माधवनगरात, एका बंद पडलेल्या कापड गिरणीच्या आवारात आहे. एका शेडमध्ये आम्ही, पलीकडच्या शेडमध्ये यंत्रमाग. बाई आमच्याकडं आल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. 'असतील' म्हणतोय, कारण वय विचारलं की त्या "पंचेचाळीस, कमी-जास्त दोन" असं सांगायच्या. जन्म माण तालुक्यातला, बाप मेंढरं घेऊन मुलूखभर फिरणारा, जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेलीच नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लावून टाकली. आमच्या ऑफिसच्या फॉर्मवर त्यांनी त्या तारखेपुढं 'कमी-जास्त दोन वर्षे' असं लिहिलं, क्लार्कनं ते खोडलं, आणि बाई त्याच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत.

उंच, काटक बाई. साडीवर पांढरा कोट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कोटाच्या खिशात भिंगं पुसायचं मऊ फडकं. चालताना पावलांचा आवाज नाही. कुणी 'नक्की' म्हणालं की त्या त्याच्याकडं अशा बघायच्या की त्या माणसाला आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मी त्यांना पाच वाजता या म्हणालो, तर त्यांनी विचारलं, "पाच म्हंजे किती ते किती?" मी चेष्टेनं म्हणालो, वीस मिनिटं इकडंतिकडं. त्या बरोबर पाच वीसला आल्या. पोहे संपले होते. त्यांनी तक्रार केली नाही, उलट मी दिलेल्या हद्दीत आपण बसलो म्हणून मान डोलावली.

त्यांचं काम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पोटाला मोठी चीर न देता जे ऑपरेशन करतात त्याला आपल्याकडं दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात. ती दुर्बीण म्हणजे दीड वीत लांबीची, बोटाहून बारीक स्टीलची नळी, आत भिंगं. डॉक्टरला त्यातून पित्ताची नळी वेगळी दिसते की सगळा लाल चिखल दिसतो, हे त्या भिंगांवर अवलंबून. ते तपासायला काचेच्या एका पट्टीवर काळ्या रेषांचे गट कोरलेले असतात, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा बारीक. नळीतून एकेक गट पाहत जायचं. ज्या गटापर्यंत रेषा सुट्या दिसतात तो त्या दुर्बिणीचा आकडा, म्हणजे एका मिलिमीटरात इतक्या रेषा. त्याच्यापुढं रेषा एकमेकींत मिसळतात आणि करडा पट्टा तेवढा उरतो. आता ही मिसळण्याची जागा काही आखून दिलेली नसते. सकाळी एक गट दिसतो, जेवण झाल्यावर तोच दिसत नाही. मला दिसतो, तुम्हाला दिसत नाही. म्हणून आकड्यापुढं लिहायचं असतं की हा आकडा इतका वरखाली होऊ शकतो. सर्टिफिकेटावर आम्ही त्याला अनिश्चितता म्हणतो. बाई कमी-जास्त म्हणायच्या.

आल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तपासणीच्या टेबलावर पाण्यानं भरलेली स्टीलची वाटी ठेवली आणि आम्हाला बोलावून दाखवली. पलीकडच्या यंत्रमागांनी पाणी थरथरत होतं. "आन हितं बसून तुमी रेषा वाचता?" त्या म्हणाल्या. "रेषा हालत्यात का तुमी हालताय, कुनाला कळायचं?" तेव्हापासून दुर्बिणी तपासायच्या त्या आठवड्यातून एकच दिवस, माग बंद असतात तेव्हा. त्या दिवशी वाचणाऱ्यानं सकाळपासून चहा घ्यायचा नाही, फोन बाहेर ठेवायचा, आणि अंधारखोलीत दहा मिनिटं गप्प बसून मग डोळा लावायचा. तीन माणसांनी वाचायचं, प्रत्येकानं दहा वेळा, आणि आदल्या वेळचा कागद कुणालाच दाखवायचा नाही. ते कागद त्या कपाटात कुलूपबंद ठेवत आणि किल्ली पदराला बांधत. "एकदा पायलं म्हंजे न्हाई पायलं," हे त्यांचं वाक्य. हे कुठं शिकलात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "बापाकडं. मेंढरं मोजायला आमच्यात दोगं लागायची. दोगांचा आकडा जुळला तर भाकरी, न्हाईतर पुन्यांदा."

एकदा त्यांच्या तीन वाचणाऱ्यांपैकी एक जण रजेवर गेला. मी म्हणालो, मी वाचतो, माझी नजर चांगली आहे. बाई म्हणाल्या, "आदी परीक्षा." आमच्याकडं हा त्यांचाच नियम होता. वाचणाऱ्यांच्या यादीत नाव घालायचं तर परीक्षा द्यायची. मी अंधारात बसलो. समोर काचेवर वीस चौकोन होते. प्रत्येक चौकोनात रेषा उभ्या की आडव्या ते लिहायचं, नाहीतर 'दिसत नाही' असं लिहायचं. शेजारच्या रकान्यात किती खात्री तेही लिहायचं. मी झरझर वीसच्या वीस लिहिले. 'दिसत नाही' एकदाही लिहिलं नाही, उगाच कमीपणा कशाला.

बाईंनी उत्तरांचा कागद उघडला. वीसपैकी चार चौकोनांत रेषाच नव्हत्या. नुसता करडा रंग, मिसळलेल्या रेषांसारखा दिसेल असा. त्यातल्या दोन चौकोनांत मी आडव्या रेषा पाहिल्या होत्या आणि पुढं 'नव्वद टक्के' लिहिलं होतं. बाईंनी माझ्यापुढं फॉर्म सरकवला. खाली छापलं होतं: 'सदर निरीक्षकाच्या नजरेवर भरवसा ठेवता येतो / येत नाही. (नको ते खोडावे.)' खोडायचं ज्याचं त्यानं, स्वतःच्या हातानं, आणि खाली सही करायची. मी 'येतो' खोडलं. महिनाभर मला त्या बाईचं तोंड पाहवत नव्हतं. इतकं घालूनपाडून बोलणारं वाक्य फॉर्मवर छापायची काय गरज होती, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं. ते त्यांच्या कानावर गेलं असणार.

कारण पुढच्या माग-बंदच्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि टेबलाच्या खणातून प्लास्टिकमध्ये घातलेलं एक पत्र काढून माझ्यापुढं ठेवलं. एका कारखान्यानं त्यांना नोकरीवरून काढल्याचं पत्र. त्यात टाइप केलेलं होतं, 'निरीक्षकाच्या नजरेवर भरवसा ठेवता येत नाही.' खाली सही, जगदाळे, वर्क्स मॅनेजर.

शिरवळकडच्या त्या कारखान्यात दुर्बिणी बनत. बाई आयटीआय करून तिथं लागल्या होत्या आणि माल बाहेर जाण्याआधी शेवटची तपासणी त्यांच्याकडं होती. एका खेपेच्या दुर्बिणींबद्दल त्यांना शंका आली. माल घ्यायला आलेल्या माणसानं समोरच विचारलं, आठचा गट दिसतो का? बाई खरं ते बोलल्या, "कवा दिसतो, कवा न्हाई." जगदाळे सगळ्यांसमोर हसला. "बघा, बाईंना स्वतःलाच खात्री नाही!" मग त्यानं लाइनवरच्या दोन पोरांना बोलावलं. पोरांनी एकेकदा डोळा लावला आणि साहेबाच्या तोंडाकडं बघत सांगितलं, दिसतो सर. माल गेला. आठवड्यानं बाईही गेल्या.

ते पत्र हातात असताना डोळ्यांचं काम त्यांना कोण देणार? दोन वर्षं त्यांनी तासगावकडं द्राक्षांच्या पॅकिंगला काढली. घडातले बारीक मणी कात्रीनं छाटायचे. "मनी छाटताना रोज त्याचं तोंड दिसायचं," बाई म्हणाल्या, तेही भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात. मी विचारलं, तुम्हाला नक्की पाहिजे काय? नक्की म्हटल्याबद्दल त्यांनी माझ्याकडं एकदा रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "ज्या हातानं लिवलं त्या हातानं खोडायला लावनार. दुसरं काय न्हाई. पैसा नगं, माफी नगं. माफी तोंडानं मागतात आन इसरतात." मग फॉर्मकडं बोट करून म्हणाल्या, "म्हनून ते छापलंय. माजंबी त्यात नाव हाय, दरसाल मी सोता बसते परीक्षेला. तुमाला राग आला, येऊ द्या. मला नऊ जलम पुरंल येवढा आलाय." त्या दिवसापासून माझा राग गेला आणि मी त्यांच्या बाजूचा झालो.

जगदाळे आमच्या दारात आला तो गेल्या वर्षी, शिरवळच्या त्या प्रकरणाला नऊ वर्षं झाल्यावर. आता त्याचा साताऱ्यात स्वतःचा धंदा होता. बाहेरून सुटे भाग आणून दुर्बिणी जोडायचा आणि दवाखान्यांना विकायचा. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्याला त्याच्या दुर्बिणी घ्यायच्या होत्या, पण त्यांची अट होती की बाहेरच्या प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट पाहिजे. आणि त्यांची दुसरी अट अशी, की आकड्यातून अनिश्चितता वजा केल्यावरही उरणारा आकडा आठच्या खाली जाता कामा नये. बाई आता कुठल्या प्रयोगशाळेत आहेत हे त्याला माहीत नव्हतं. असतं तर तो पुण्याला गेला असता.

बाईंनी नमुन्यावरचं नाव वाचलं आणि कोटाचं वरचं बटण लावलं. एवढंच. मग नेहमीसारखी तपासणी केली. तीन माणसं, दहा-दहा वेळा, तीन आठवडे. मी रोज येता-जाता त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. कागद जुळवल्यावर आकडा आला आठ पॉइंट चार, कमी-जास्त शून्य पॉइंट सात. म्हणजे खाली सात पॉइंट सातपर्यंत जाऊ शकतो. अटीत बसत नव्हता.

मी त्यांना हळूच विचारलं, "बाई, आठ पॉइंट नऊ आला असता तर?"

"तर दिलं असतं लिहून," त्या म्हणाल्या. "आन माजा जलम जळला असता. पर दिलं असतं."

जगदाळेला कळल्यावर पुढच्या माग-बंदच्या दिवशी तो स्वतः आला. पांढरा शर्ट, मनगटात जाड घड्याळ, केस काळे केलेले. बाईंना बघून क्षणभर थबकला आणि लगेच सावरला. "अरे वा, बाई तुम्ही इथं होय! बरं झालं, आपलंच माणूस निघालं." मग खुर्ची ओढून बसला. "एवढं करा, ते कमी-जास्तचं काढून टाका. नुसता आठ पॉइंट चार द्या. तुमचंच माप आहे, मी खोटं मागतोय का?"

"त्ये माप न्हाई," बाई म्हणाल्या. "कमी-जास्त काडलं की निसता आकडा ऱ्हातो."

"मग ते शून्य पॉइंट सात तुमच्या वाचणाऱ्यांमुळं आलंय. माणसं कच्ची आहेत तुमची. एक आठ म्हणतो, एक नऊ म्हणतो. माझ्यासारख्या जुन्या माणसानं वाचलं तर एवढा फरक पडणारच नाही." तो दारातून आत येणाऱ्या डॉ. मगदूम मॅडमकडं वळला. त्या मिरजेच्या दवाखान्याच्या सर्जन, खरेदीआधी तपासणी बघायला आलेल्या. "मॅडम, मी स्वतः वाचतो. तुमच्यासमोर. तीस वर्षं याच धंद्यात आहे."

मी दाराशी उभा होतो. बाईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. नऊ वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य समोरच्यानं आपण होऊन म्हणावं, तेव्हा माणूस जसा दिसेल तशा त्या दिसत होत्या. म्हणजे अगदी शांत.

"वाचा की," त्या म्हणाल्या. "वाचनाऱ्याच्या यादीत नाव घालू तुमचं. पर आदी परीक्षा द्यावी लागती, आमच्याकडं समद्यांनी दिलीय. ह्या माळीभाऊंनीबी." त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मॅडमनी विचारलं, परीक्षा म्हणजे काय. बाईंनी नियम मोठ्यानं वाचून दाखवले. उभ्या, आडव्या किंवा 'दिसत नाही', तिन्हींपैकी एक लिहायचं. शेजारी खात्री लिहायची. सही झाल्याशिवाय उत्तरं उघडायची नाहीत. "साहेब, तिसरंबी लिवता येतं, बरं का," त्या मुद्दाम म्हणाल्या. "दिसलं न्हाई तर न्हाई लिवायचं. त्यात कमीपना न्हाई." मी देवाशपथ सांगतो, त्यांनी त्याला पूर्ण संधी दिली. तो हसला आणि आत गेला.

अंधारखोलीचं दार अर्धं उघडं ठेवून आम्ही बाहेर उभे राहिलो. दहा मिनिटं गप्प बसायचं त्याला जमेना, तो मॅडमना आपल्या मालाबद्दल सांगत राहिला. मग डोळा लावला आणि मोठ्यानं म्हणत म्हणत लिहू लागला. "उभ्या. आडव्या. आडव्या. उभ्या, अगदी स्पष्ट." या धंद्यातल्या जुन्या माणसांना नेहमीच्या काचेवर कुठला गट कुठं हे पाठ असतं. ते डोळ्यानं कमी आणि आठवणीनं जास्त वाचतात, आणि आपण तसं करतो हे त्यांना स्वतःलाही कळत नाही. ही काच त्यानं कधी पाहिलेली नव्हती, तरी हात थांबत नव्हता. वीस चौकोन त्यानं चार मिनिटांत संपवले. खात्रीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शंभर, शंभर, शंभर. खाली ऐटीत सही.

बाईंनी बंद पाकीट मॅडमच्या हातात दिलं. "तुमीच उगडा."

मॅडम एकेक ओळ जुळवत गेल्या. चौथ्या ओळीवर थांबल्या. "इथं तुम्ही उभ्या रेषा लिहिल्यात, स्पष्ट."

"हो, स्पष्टच होत्या."

"इथं रेषा नाहीत."

मॅडमनी पुढं वाचलं. नववा, तेरावा, अठरावा. चारही रिकाम्या चौकोनांत साहेबांनी रेषा पाहिल्या होत्या, चारहीपुढं शंभर टक्के. मॅडम डॉक्टर माणूस, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे नसलेली शीर तुम्हाला दिसेल?" त्याचे कान लाल झाले. मला इतकं बरं वाटलं की मी तोंड लपवायला बाहेर जाऊन नळावर पाणी प्यालो आणि लगेच परत आलो, काही चुकायला नको म्हणून.

आलो तेव्हा फॉर्म त्याच्यापुढं होता. त्यानं खालचं छापलेलं वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग मान वर करून बाईंकडं पाहिलं, आणि मला दिसलं की त्याला ते वाक्य ओळखू आलं. आपल्या सहीखालचं वाक्य माणूस विसरत नाही.

"हे... हे गरजेचं आहे का?"

"समद्यांनी खोडलंय, साहेब. हवं ते ठेवा, नगं ते खोडा. मी काय सांगनार? नजर तुमची."

मॅडम घड्याळ बघत होत्या. फॉर्म पुरा झाल्याशिवाय तपासणीची नोंद बंद होत नव्हती. त्यानं पेन उचललं आणि 'येतो' या शब्दावर एक रेघ मारली. रेघ वाकडी आली. बाई टेबलावर वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "नीट खोडा. कवा दिसतंय, कवा न्हाई, असं नगं."

मॅडम गेल्यावर तो दारात थांबला. "झालं ना आता समाधान?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "लय."

त्यांनी असं म्हणायला नको होतं, असं आमच्या ऑफिसातल्या दोघा-तिघांचं मत पडलं. मोठेपणा दाखवायचा, जाऊ दे म्हणायचं. मी त्यांना म्हणालो, आधी दोन वर्षं द्राक्षाचे मणी छाटून या आणि मग मोठेपणावर बोला.

एवढ्यावर संपलं असतं, पण मिरजेत दवाखान्याला दवाखाना लागून आहे आणि सगळे डॉक्टर एकमेकांना ओळखतात. चार महिन्यांत अशी अवस्था झाली की जगदाळेचा माल कुणी हातात घेतला की आधी विचारायचे, बंडगरबाईंनी वाचलंय का? त्याच्या सर्टिफिकेटाला किंमत उरली नाही. मग एके दिवशी तो कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि बाईंना म्हणाला, "माझ्याकडं या. तपासणी सगळी तुमच्या हातात देतो. पगार तुम्ही सांगाल तो."

पुड्याला बाईंनी हात लावला नाही. खणातून ते जुनं पत्र काढलं. "पगाराचं नंतर. आदी हे दुरुस्त करा."

त्यानं तयारीच केली होती. खिशातून छापील पत्र काढलं, त्याच्या कारखान्याच्या कागदावर, 'श्रीमती बंडगर यांच्या नजरेवर पूर्ण भरवसा ठेवता येतो.' बाईंनी वाचलं आणि परत दिलं. "'पूर्न' खोडा."

"अहो, चांगलंच लिहिलंय."

"पूर्न भरवसा कुनाच्याच नजरेवर ठेवता येत न्हाई. माज्याबी न्हाई. चुकीचं पत्र एक हाय की माज्याकडं, दुसरं कशाला?"

त्यानं पेनानं 'पूर्ण' खोडलं. बाई म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही, नवीन कागदावर हातानं लिहा. त्यानं लिहिलं, 'भरवसा ठेवता येतो.' बाईंनी ते वाचून विचारलं, "किती?"

आमच्या धंद्यात कुठलाही आकडा देताना वीसपैकी एकोणीस वेळा खरं माप या हद्दीत सापडेल अशा बेतानं कमी-जास्त लिहितात. एक वेळ चुकण्याची ठेवलेली असते. त्यालाही हे माहीत होतं, तीस वर्षं धंद्यात होता. त्यानं तिसरा कागद घेतला. आता त्याचं अक्षर लहान झालं होतं. 'श्रीमती बंडगर यांच्या नजरेवर वीसपैकी एकोणीस वेळा भरवसा ठेवता येतो. यापूर्वी दिलेले पत्र चुकीचे होते.' खाली सही केली. बाईंनी तो कागद उजेडात धरून दोनदा वाचला, मला दिला, "माळीभाऊ, तुमी वाचा." मी वाचला. मग त्यांनी तो घडी घालून ठेवला आणि म्हणाल्या, "येते पैल्या तारखेपासनं."

तो गेल्यावर मी भडकलोच. ज्यानं तुम्हाला रस्त्यावर आणलं त्याच्याकडं नोकरी? पत्र मिळालं, आता पुरे झालं की!

बाई फडक्यानं काच पुसत होत्या. "आवं माळीभाऊ, हितनं मी त्याला कितीसा तरास देनार? वर्सातनं येकदा. तिथं रोज."

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटायला गेलो, गेल्या महिन्यात. म्हणजे भेट अशी झालीच नाही. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मला प्रेशर गेज तपासायचे होते, ते उरकून जगदाळेच्या कारखान्यात डोकावलो. आत अंधारखोली नवीन बांधलेली होती. दारावर पाटी, 'यादीत नाव नसलेल्यांना प्रवेश नाही', आणि खाली तीन नावांची यादी. पहिलं नाव बाईंचं, पुढची दोन मुलींची. मालकाचं नाव नव्हतं.

दारासमोर जगदाळे उभा होता, पायात नुसते मोजे, जमीन थरथरू नये म्हणून बूट बाजूला काढून ठेवलेले. बाहेर फाटकात टेम्पो माल न्यायला उभा होता आणि ड्रायव्हर मधूनमधून हॉर्न वाजवत होता. शेजारच्या टेबलावर बाईंनी परत पाठवलेल्या दुर्बिणींचा ढीग होता, मी मोजल्या, चौदा. पुन्हा मोजल्या, चौदाच. जगदाळेनं मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. त्यानं दारावर बोटाच्या पेरानं हळूच टकटक केलं.

"बाई, झालं का?"

आतून आवाज आला, "न्हाई."

टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला. "बाई, गाडी उभी आहे. अंदाजे किती वेळ लागेल?"

या वेळी आतून काहीच उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मला सांगलीची गाडी गाठायची होती, पण मी ती जाऊ दिली आणि समोरच्या बाकावर बसून त्याला बघत राहिलो.